आई-बाबांना तळ्यावर उतरवायचंय, बायको नको म्हणते

प्रश्न: मूळचे सांगलीचे, आता कॅनडात टोरांटोजवळ राहणारे एक वाचक लिहितात. वय 42. तीन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला, आजवर 130 तास उड्डाण झालं आहे, पण सगळं चाकांच्या विमानावर. जुलैत ते फ्लोटचं, म्हणजे विमानाखाली होडीसारखे पोकळ तरंगते लावून पाण्यावरून उडण्या-उतरण्याचं, रेटिंग (मूळ परवान्याला जोडली जाणारी जादा परवानगी) घेणार आहेत. आई-बाबा उन्हाळ्यासाठी आले आहेत आणि ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकेंडला त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतात. एका मित्राचं मस्कोकात, म्हणजे टोरांटोच्या उत्तरेकडच्या तळ्यांच्या भागात, तळ्याकाठी कॉटेज आहे. त्याच्याकडे सेसना 182 आहे, फ्लोटमध्येच चाकं बसवलेलं, आणि ते तो वापरायला देतो म्हणतो. बेत असा: बायको शेजारी, आई-बाबा मागे, आणि थेट कॉटेजच्या जेट्टीला जाऊन लागायचं. बायको ठाम नको म्हणते. वाचकांचं म्हणणं, "सकाळी तळं अगदी आरशासारखं असतं. पाणी काँक्रीटपेक्षा मऊच. जागा म्हणाल तर धावपट्टीच्या दसपट. बाबा कृष्णेत पोहायला शिकलेत, आयर्विन पुलावरून उड्या मारलेल्या आहेत. हिची भीती कशी घालवू?"

उत्तर:

तुमच्या बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली आणि पुढे पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या मारणारी ती पिढी मी ओळखून आहे. माझे एक मामा त्यातलेच. त्यामुळे तुमचा बेत वाचताना मलाही क्षणभर वाटलं, काय मजा येईल म्हाताऱ्याला!

पण तुमचा प्रश्न जसा आहे तसा मला घेता येत नाही. 'हिची भीती कशी घालवू' असं तुम्ही विचारता, पण ती नेमकी कशाला घाबरते ते अख्ख्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही तिला विचारलंय का? मी बरीच वर्षं फ्लोटवर शिकवलं. 'घरचे उगाच घाबरतात' म्हणत येणारे विद्यार्थी पुष्कळ पाहिले आणि घरच्यांशी बोलल्यावर बहुतेक वेळा कळायचं, की त्यांना काहीतरी दिसलेलं असतं, फक्त विमानाच्या भाषेत सांगता येत नसतं. तुमची बायको वैमानिक नाही. तरी तुम्ही पत्रात दिलेली चारही कारणं मी एकेक करून तपासली तेव्हा माझं मत तिच्याकडे झुकत गेलं.

आधी तो आरसा. तुमचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे, आणि नेमकी तिथेच मोठी चूक आहे. चाकांच्या वैमानिकाला शांत हवा म्हणजे सोपं उतरणं, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शांत पाणी त्याहून सोपं असेल असं तो धरूनच चालतो. प्रत्यक्षात फ्लोटवर शिकवायला सर्वात अवघड गोष्ट हीच. आपण जमिनीपासून किती वर आहोत हे डोळ्यांना कळतं ते पृष्ठभागाच्या खुणांवरून. गवत, डांबराच्या भेगा, पट्टीच्या कडा यांवरून. पाण्यावर बारीक तरंग असले तरी चालतं. तरंगच नसले तर खाली दिसतं ते आभाळ आणि उलटी झाडं. पाणी नितळ असेल तर पृष्ठभाग सोडून डोळा तळाशीच जातो. अशा वेळी कोणी पाणी अजून खाली आहे असं समजून जोरात आपटतो, कोणी आलंच म्हणून वरच नाक उचलतो, वेग गमावतो आणि विमान खाली पडतं. माझ्या शिकाऊ दिवसांत असंच एका सकाळी मला खात्री होती की अजून तीसेक फूट तरी आहेत. तेवढ्यात फ्लोट टेकले. शेजारच्या इन्स्ट्रक्टरनी उतरण्याचा कोन आधीच लावून ठेवला होता म्हणून टेकले, नाहीतर आपटलेच असते. ते काही बोलले नाहीत, फक्त थर्मास उघडून मला चहा दिला.

त्यावरचा उपाय वर्षानुवर्षं घासून पक्का झालेला आहे: पाण्याकडे बघून उतरायचंच नाही. किनाऱ्याला समांतर, झाडं किंवा दगड डोळ्याच्या कोपऱ्यात राहतील असं यायचं. शेवटच्या खुणेवरून जाताना शक्य तेवढं खाली असायचं. नाक किंचित वर धरायचं आणि इंजिनाला एवढीच ताकद द्यायची की विमान मिनिटाला 150 फूट किंवा त्याहून कमी वेगानं खाली येईल. मग काही न करता थांबायचं. नाक आणखी उचलायचं नाही, अंदाज बांधायचा नाही, पाणी येईल तेव्हा येईल. ऐकायला सोपं आहे, पण हात तिथे स्थिर राहत नाहीत. आणि याला जागा किती लागते बघा. साठ नॉटचा (ताशी सुमारे 110 किलोमीटर) वेग धरला तर शंभर फुटांवरून पाणी गाठायला चाळीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात सव्वा किलोमीटर पाणी मागे जातं. तुमची ती 'दसपट' जागा अशी वितळते. म्हणून जुने फ्लोटवाले हलक्या वाऱ्याची वाट बघतात. मला विचाराल तर आरशापेक्षा पाच-सात नॉटचा वारा आणि बारीक लाटा कधीही बऱ्या.

'पाणी मऊ' याबद्दल फार बोलत नाही. साठ नॉटच्या वेगाला पाणी मऊ राहत नाही, एवढं लक्षात ठेवा. लाँग वीकेंडला मस्कोकात मोटरबोटींची रांग असते, त्यांच्या लाटा बोट निघून गेल्यावरही तळ्यावर हिंडत राहतात. अशी लाट आडवी लागली की फ्लोट उसळतात, नाक वरखाली डोलू लागतं. त्या डोलण्याला हातानं उत्तर देत बसला तर प्रत्येक झोका मोठा होत जातो. तेव्हा थ्रॉटल बंद करून इंजिनाची ताकद काढायची आणि हातातलं सुकाणू पोटाशी ओढून धरायचं, किंवा अगदी वेळेत कळलं तर ताकद देऊन परत उडायचं. शिवाय पाण्यावर टेकल्या क्षणापासून तुम्ही एक बोट होता. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार पाण्यावरच्या सीप्लेननं सर्वसाधारणपणे सगळ्या बोटींपासून दूर राहायचं असतं, बोटींनी तुमच्यापासून नव्हे. ओंटारिओच्या तळ्यांत जुन्या लाकूडतोडीचे ओंडकेही असतात, अर्धे बुडालेले, उभे तरंगणारे. वरून एक फेरी मारून पाणी नीट न्याहाळल्याशिवाय कधीच उतरू नका, मग ते मित्राचं रोजचं तळं का असेना.

आता चाकं. तुमच्या पत्रात ती ओझरती आली आहेत, मला मात्र रात्री झोप लागू देणार नाहीत. फ्लोटमध्ये चाकं असलेलं विमान धावपट्टीवरही उतरतं आणि पाण्यावरही, हीच त्याची सोय आणि हाच सापळा. चाकं वर घेऊन धावपट्टीवर उतरलात तर फ्लोटचा तळ खरवडतो, वर्कशॉपचं बिल येतं, आणि मित्र काही महिने फोन उचलत नाही. चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलात तर चाकं पाण्यात रुततात आणि विमान डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटं होतं. तुमचे 130 तास सगळे चाकांवरचे आहेत. उतरायची वेळ आली की 'चाकं खाली' ही सवय हातात आणि डोक्यात बसलेली असते, आणि गर्दीच्या तळ्यावर, मागून आई 'अरे, ते बघ किती छान' म्हणत असताना, हात सवयीनंच चालतो. म्हणून फ्लोटवाले प्रत्येक उतरण्याआधी मोठ्यानं बोलतात: पाण्यावर उतरतोय, चाकं वर, चारही वर दिसतायत. मनातल्या मनात नाही, तोंडानं.

आता बाबांचं पोहणं. वडिलांच्या उड्यांविषयीच्या तुमच्या अभिमानाला धक्का लावायचा नाही, पण इथे त्याचा उपयोग फार थोडा आहे. तळ्यात पडलेल्या विमानातून सुटायला पोहण्याआधी दुसरंच काहीतरी यावं लागतं. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं वीस वर्षांचे अपघात तपासले, तेव्हा पाण्यात पडून बुडालेल्या विमानांतल्या मृतांपैकी सुमारे 70 टक्के लोक बुडून गेले असं दिसलं. 29 नोव्हेंबर 2009 रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटापाशी बीव्हर जातीचं एक फ्लोट-विमान पाण्यात पडलं. आत आठ जण होते. दोघे बाहेर आले, सहा जण विमानाबरोबर खाली गेले. धक्क्यानं काही दारं उघडेनाशी झाली होती. या अपघातानंतर मंडळानं दारांविषयी आणि अंगावर घालायच्या लाइफ जॅकेटांविषयी शिफारशी केल्या. 2019 मध्ये सरकारनं व्यावसायिक सीप्लेनसाठी जॅकेट अंगावर घालण्याचा आणि वैमानिकांनी पाण्याखालून सुटण्याचं प्रशिक्षण घेण्याचा नियम आणला. तुमच्यासारख्या खासगी वैमानिकाला जॅकेट विमानात असलं की कायदा पुरतो. पण सीटखालच्या पिशवीतलं जॅकेट उलट्या, अंधाऱ्या, थंड पाण्यानं भरलेल्या केबिनमध्ये शोधायचं कोणी?

इथे मित्राच्या सेसनाचा नकाशा डोळ्यापुढे आणा. 182 ला दारं दोन, दोन्ही पुढच्या सीटना. मागच्यांना बाहेर यायचं तर पुढची सीट सरकावी, पाठ झुकावी, पुढचा माणूस आधी निघावा. म्हणजे पंच्याहत्तरीच्या आई-बाबांना तुम्ही नेमकं तिथे बसवताय, जिथून सर्वात शेवटी सुटका होते. तुमच्या बायकोला हे कोणी सांगितलं नसेल. पण 'ते दोघं मागे' हे ऐकूनच तिच्या पोटात गोळा आला असेल, तर तिचं काय चुकलं?

वजनाचं गणितही तुम्ही केलेलं दिसत नाही. फ्लोट जड, त्यात चाकं आणि त्यांची हायड्रॉलिक यंत्रणा. वर चार मोठी माणसं, बॅगा, आणि कॉटेजवाल्यांसाठी आईनं केलेले लाडू (ते असणारच). त्या विमानाच्या स्वतःच्या वजनाच्या कागदावरून, पेट्रोल धरून, हिशेब मांडा. बहुतेक पेन्सिल तिथेच थांबेल. जुळलंच, तरी ऑगस्टच्या उकाड्यात भरलेलं विमान पाण्यावरून उचलायला भरपूर अंतर लागतं, उतरायला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त. तळ्यात सुखरूप उतरून तिथून निघता न आलेली विमानं मी पाहिली आहेत. एकाचे फ्लोट काढून ते शेवटी ट्रकवरून नेलं.

आता रेटिंग. कॅनडात त्यासाठी किमान सात तास लागतात, त्यांपैकी पाच इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि पाच वेळा एकट्यानं उडणं-उतरणं. अमेरिकेत तर खासगी परवान्यावर हे रेटिंग जोडायला फ्लोटच्या तासांची मोठी अट नाही, लेखी परीक्षाही नाही, उड्डाणाची परीक्षा पास झालात की झालं. फ्लोरिडात लोक दोन-तीन दिवसांत घेऊन परततात. फ्लोरिडातल्या आमच्या मराठी वाचकांनीही हे वाचावं, कारण तिकडून 'वीकेंडला करून टाकलं' अशी पत्रं मला येतात. हे तास वाईट नाहीत, पण ते शिकायला सुरुवात करण्याचा परवाना देतात. त्या सात तासांत तुम्ही पाण्याचा रडर (फ्लोटच्या मागचं छोटं सुकाणू) कधी खाली घ्यायचा आणि उडण्या-उतरण्याआधी कधी वर घ्यायचा हे शिकाल, विमान वाऱ्यात तोंड कसं वळवतं ते शिकाल, उड्डाणाआधी फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यातलं पाणी उपसायला शिकाल. आणि कदाचित त्या आठवड्यात एकदाही खरं आरशासारखं पाणी मिळणार नाही. मग तुमचा पहिला आरसा आई-बाबांसकट, असं होईल. कायद्यानं गेल्या सहा महिन्यांत पाच उड्डाणं आणि पाच उतरणी झाली की प्रवासी नेता येतात, म्हणजे परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीही. विमा कंपनी मात्र बहुधा इतकी उदार नसते. मित्राच्या पॉलिसीत फ्लोटवरच्या किती तासांची अट आहे ते आधी विचारा. काही वेळा हा एकच फोन सगळा वाद मिटवतो.

मग यंदा काय करायचं? माझं स्पष्ट मत: यंदाच्या ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन तळ्यावर तुम्ही उतरू नये. पण लग्नाच्या वाढदिवसाचं विमान रद्द करा असं मी म्हणत नाही. ज्या चाकांच्या विमानावर तुमचे 130 तास झालेत, त्यातूनच ग्रेव्हनहर्स्टजवळच्या मस्कोका विमानतळावर उतरा. मित्राला तिथे गाडी घेऊन बोलवा आणि तळ्यापासून पुढे त्याच्या बोटीनं जा. बाबांना मुलानं चालवलेलं विमान मिळतं, आईला तळं, आणि बायको कदाचित आनंदानं शेजारी बसेल. तिला विचारून बघा. पाण्यावरून उडायचीच हौस असेल, तर अनुभवी वैमानिकाबरोबर व्यावसायिक सीप्लेनमधून त्या दोघांना एक फेरी करवा. तुम्ही शेजारी बसा आणि त्या वैमानिकाचे हात बघा. तो अर्धा तास तुमच्याही शिक्षणाचाच.

तुम्ही मात्र जुलैत रेटिंग घ्याच, मनापासून सांगते. आणि त्याच्या जोडीला पाण्याखालून सुटण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण, खऱ्या तळ्यावर उतरण्याआधी. तिथे पोहण्याच्या तलावात केबिनसारख्या पिंजऱ्यात बांधून उलटं करतात. पहिल्यांदा प्रत्येक जण घाबरतो आणि पहिल्यांदा प्रत्येक जण आधी पट्टा सोडतो. तीच चूक. पट्टा सुटला की शरीर तरंगून भरकटतं आणि दार कुठे ते कळत नाही. हात दाराच्या कडीवर, हालचाल थांबेपर्यंत वाट, दार उघडायचं, एका हातानं चौकट घट्ट धरायची, आणि मग शेवटी पट्टा. विमान उलटं असलं तरी उजवं दार तुमच्या उजव्याच हाताला असतं, हे पिंजऱ्यात बसल्याशिवाय पटत नाही. शक्य असेल तर बायकोलाही न्या. तिची भीती 'घालवायला' नव्हे. तुमच्या विमानात ती शेजारच्या दाराची मालकीण असणार आहे म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वारा, लाटा, आरसा, अरुंद जागा या सगळ्यांत अनुभवी माणसाबरोबर पुरेसे तास झाले, की मग आई-बाबांना एकेक करून न्या. एका वेळी एक जण, पुढच्या सीटवर, मागे कोणी नाही. वजन कमी होतं, दार हाताशी येतं. आईला साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला सांगा. ओल्या फ्लोटवर आणि अरुंद पायरीवर साडी पायात येते, पाण्याखाली तर ती कशातही अडकू शकते. तिच्या गुडघ्याचं काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्या पायरीवर चढ-उतर होते का, हे विमान बांधून ठेवलेलं असताना एकदा करून बघा. जॅकेट अंगावर घाला, पण फुगवायचं बाहेर पडल्यावरच, आत फुगवलं तर माणूस छताला चिकटतो. हे सगळं मराठीत, घरी बसून, दोनदा सांगा. इंजिनाच्या आवाजात सांगितलेलं त्यांना ऐकूही येणार नाही.

इतर वाचकांसाठीही हेच. मालदीवला हनिमूनला जाणारे, कोची आणि इडुक्कीत 2024 च्या नोव्हेंबरात झालेली सीप्लेनची चाचणी पाहून हरखलेले, 2014 मध्ये जुहूहून पवनेच्या धरणावर सीप्लेन सुरू झालं तेव्हाची बातमी आठवणारे, तुम्हाला विमान चालवायचं नाही. पण बसल्यावर जवळचं दार कोणतं, कडी वर ओढायची की पुढे ढकलायची, आणि माझ्या आणि दाराच्या मध्ये किती सीट आहेत, एवढं हातानं चाचपून बघा. सूचना देणाऱ्या माणसाकडे पाहा, मोबाइल नंतर.

आणि तुमच्यासाठी शेवटचं. बायकोला एक काम द्या, आजपासून, चाकांच्या विमानातही. प्रत्येक उतरण्याआधी तिनं विचारायचं, "चाकं कुठे आहेत?" तुम्ही मोठ्यानं उत्तर द्यायचं, आणि तिनं स्वतः बघितल्याशिवाय 'ठीक' म्हणायचं नाही. पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो, त्यामुळे पहिल्यांदा त्या जेट्टीला लागाल तेव्हा इंजिन बंद करूनही विमान सरकतच राहील, आणि हौसेनं दोर पकडायला कोणीतरी पुढे धावेल. मित्राला आधीच फोन करून सांगा: पंखा पूर्ण थांबेपर्यंत जेट्टीच्या टोकाला कोणी यायचं नाही, कॅमेरा घेऊनसुद्धा नाही.